‘दोन ठेवून द्या’ म्हणताना आपण काय म्हणतो?



मागच्या दशलक्षण पर्वातली गोष्ट आहे. उत्तम तप धर्माचा, म्हणजे सातवा दिवस. अभिषेक-पूजा झाली, रोजच्या क्रमाने तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचून झाला आणि आम्ही आठ-दहा जणी मंदिराच्या ओट्यावर जरा टेकलो. बहुतेकींचे एकाशन, त्यामुळे घरी जाऊन स्वयंपाकाची घाई नव्हती. एकीने पेपर उघडला. बातमी नेहमीचीच. वाढदिवसाला रस्त्यात तलवारीने केक कापणारी पोरं पोलिसांनी धरली होती. वय सतरा-अठरा.

झाले, सुरुवात झाली. “चौकात उभे करून फोडून काढायला पाहिजे.” “आईबापांनी वेळच्या वेळी दोन ठेवून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती.” “मास्तरांच्या हातातली छडी काढली तिथेच सगळे बिघडले.” एक काकू म्हणाल्या, “आम्हाला बापाने पट्ट्याने मारले, आम्ही काय मेलो का?” सगळ्या हसल्या. मीही हसले, मानही हलवली.

घरी येऊन शास्त्राचे पुस्तक चौरंगावर ठेवताना मनात आले, अर्ध्या तासापूर्वी आपण काय वाचून उठलो? तोच अध्याय पुन्हा उघडला. त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. थोडा कडक होईल, पण दोष फक्त तुम्हाला देणार नाही. ओट्यावर मीही होते.

सातव्या अध्यायात श्रावकाची व्रते आहेत. प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टी, उमास्वामींनी एकेक करून मोजून दिल्या आहेत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्या पाठशाळेतल्या लेकरांनाही पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि खाणेपिणे अडवणे.

यातल्या ‘वध’ शब्दाने फसू नका. तिथे वध म्हणजे जीव घेणे नव्हे. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत खुलासा केला आहे की, जीव घेणे तर व्रत घेतानाच सुटले. इथे वध म्हणजे काठीने, चाबकाने, वेताने मारणे. वेताने, बायांनो! ज्या छडीची आठवण काढून आपण ओट्यावर उसासे टाकत होतो, तिचे नाव आपल्या आचार्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी अतिचारांच्या खात्यात लिहून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे बैल, गाई, नोकरचाकर यांच्यासाठी सांगितले आहे. मान्य. त्या काळच्या घरात बांधली जात ती जनावरे आणि ओझे वाहत ती जनावरे, म्हणून पंडितजी उदाहरणे तशीच देतात. पण मग मला सांगा, बैलाला जे करायचे नाही ते पोटच्या लेकराला करायला परवानगी कुठून मिळाली? बैलाला चाबूक मारला तर व्रताला डाग लागतो आणि पोराला पट्टा मारला तर संस्कार होतात, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

दुसरी पळवाट मला एका शिकलेल्या वहिनींनी दाखवली. म्हणाल्या, “आपण मुनी नाही, गृहस्थ आहोत. गृहस्थाला थोडी हिंसा माफ असते.” तेही खरे. चूल पेटवताना, दळताना, झाडताना होते ती आरंभी हिंसा. पोटापाण्याच्या कामात होते ती उद्योगी. कोणी अंगावर आला तर स्वतःला वाचवताना होते ती विरोधी. या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. चौथी संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. ती गृहस्थालाही सुटलेली नाही. आता लेकराला मारलेली चापट कुठे घालायची ते तुम्हीच ठरवा. ते काही आपल्यावर चाल करून आलेले नसते. आणि हे पाचही अतिचार गृहस्थाच्या अणुव्रताचेच आहेत, मुनींचे नव्हेत. म्हणजे हे तुमच्या-माझ्यासाठीच लिहिले आहे.

“पण आम्ही कुठे कोणाला मारले? नुसते बोललो तर!” ही तिसरी पळवाट. जपमाळेत १०८ मणी का, हे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मला हा गुणाकार फार आवडायचा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. इतक्या वाटांनी पाप आत येते. त्यात स्वतः करणे ही तीनांतली एकच वाट. दुसऱ्याकडून करवणे ही दुसरी आणि कोणी केले त्याला ‘बरे झाले’ म्हणणे ही तिसरी. पोलिसांनी पोरांची धिंड काढली, गुडघ्यावर चालवले, हे बघून आपण चहाचा घोट घेत “बरी जिरली” म्हणतो. त्या वेळी वचनाने अनुमोदना झालेली असते. माळेवरचा तो मणी आपण रोज ओढतो आणि पुढे जातो.

आता शास्त्र बाजूला ठेवू आणि आपल्या राज्यातल्या घडलेल्या गोष्टी पाहू.

जून २०२५. सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका, नेलकरंजी गाव. बारावीत शिकणारी मुलगी, दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली. नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी तिला जात्याच्या लाकडी खुंट्याने मारले. मुलगी गेली. वडील शिक्षणाच्याच पेशातले. पोलिसांनी त्यांना अटक केली.

ही बातमी आली तेव्हा आपण सगळ्या हळहळलो. “राक्षस आहे तो,” म्हणालो. राक्षस म्हटले की आपण सुटतो. पण त्या रात्री खुंटा उचलताना त्या माणसाच्या मनात काय असेल? मला वाटते, तेच वाक्य, जे आपण ओट्यावर बोललो. दोन ठेवून दिल्या की लाईनीवर येईल. त्याला लेकराला संपवायचे नसेल, सुधारायचे असेल. मारायला हात उचलला की तो कुठे थांबेल हे मारणाऱ्याच्या हातात राहत नाही, कारण त्या वेळी हात क्रोधाच्या ताब्यात असतो. दोन कुठे संपतात आणि तीन कुठे सुरू होतात, हे रागात मोजणारा माणूस मी साठ वर्षांत पाहिलेला नाही. त्या मुलीच्या बातमीला हळहळायचे आणि तलवारीच्या केकच्या बातमीला “फोडून काढा” म्हणायचे, हे दोन्ही एका तोंडाने कसे चालेल?

आता ओझ्याचा अतिचार. यासाठी सांगलीला जायला नको, आपले नांदेड-लातूर पुरे. लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले, मागोमाग आपल्या नांदेडातही क्लासेसच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. मुखेड, कंधार, देगलूर, अहमदपूर, उदगीरकडची लेकरे खोली करून किंवा होस्टेलला राहतात. आईबाप शेत गहाण ठेवून, सोने मोडून फी भरतात. मी शिक्षणाला नावे ठेवत नाही. आपल्या कोरडवाहू मराठवाड्यातून इतके डॉक्टर झाले, याचा मलाही अभिमान आहे. पण सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, मग क्लास, मग चाचणी, रात्री अभ्यासिका, रविवारी पुन्हा चाचणी. ७२० गुणांची ती एक परीक्षा आणि तिच्यासाठी सोळा वर्षांच्या जिवाची दोन वर्षे. यात लेकरू कधी मोबाईल बघत बसले, मित्राबरोबर टपरीवर उभे राहिले किंवा उलटून बोलले की आपण म्हणतो, “आजकालच्या पोरांना शिस्त नाही.” बैलावर झेपणार नाही इतके लादायचे नाही, हे शास्त्र सांगते. बैल रस्त्यात बसला तर गाडीवान निदान खाली उतरून ओझे बघतो. आपण फक्त बैलाला शिव्या देतो.

आणि या शर्यतीत बेशिस्त कोणी केली तेही पाहू. ५ मे २०२४ ला नीट झाली आणि तिच्या पेपरफुटीने देश हादरला. जूनमध्ये दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेने चौकशी केली आणि लातुरात गुन्हा नोंदवला गेला. आरोपींमध्ये दोन जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक होते. आरोप सिद्ध व्हायचे ते कोर्टात होतील. पण विचार करा, रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या आपल्या लेकरांच्या वाट्याला त्या वर्षी जी धाकधूक आली, ती कोणत्या तरुणाच्या बेशिस्तीने आली होती? गुण विकत घेणारे आईबाप आणि ते विकणारे दलाल, दोन्ही आपल्या वयाचे.

‘छडी गेली म्हणून बिघडले’ याचाही हिशेब एकदा करूनच टाकू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. म्हणजे आज ज्यांची वये चाळीस, पन्नास, साठ आहेत ते सगळे छडीच्या राज्यात शिकले. मग टेबलाखालून पैसे घेणारे, भेसळ करणारे, बायकोवर हात टाकणारे, ओला-सुका कचरा एकत्र करून नाल्यात फेकणारे, हे कोणत्या शाळेत शिकले? छडीने माणूस सरळ होत असता तर आपली पिढी आरशासारखी स्वच्छ असायला हवी होती. छडीने एक गोष्ट मात्र आपल्याला पक्की शिकवली: बघणारे कोणी नसेल तर चालते.

आता पुण्याकडे येते, कारण तरुणांवरचा एवढा राग मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या वेळी पाहिला नाही. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, नंबरप्लेट नसलेली परदेशी महागडी गाडी आणि मोटारसायकलवरून चाललेले मध्य प्रदेशातले दोन तरुण अभियंते, एक मुलगा, एक मुलगी. दोघेही जागीच गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सगळा महाराष्ट्र पेटला. पेटायलाच हवा होता. दोन घरांतले दिवे विझले होते आणि निबंध! मलाही तेव्हा इतका संताप आला की सामायिकाला बसल्यावरही तेच डोळ्यांसमोर यायचे.

पण पुढच्या दहा-पंधरा दिवसांत एकेक बातमी येत गेली, ती आठवा. गाडी दिल्याबद्दल वडिलांना अटक. ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबांना अटक. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक. आणि शेवटी आईला अटक, कारण पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मुलाच्या जागी दिलेले रक्त तिचे होते. अल्पवयीन पोरांना दारू देणाऱ्यांवरही गुन्हे झाले. मोजून बघा. सतरा वर्षांचा एक, आणि त्याच्या भोवती पकडले गेलेले वयाने मोठे किती!

यातले आईचे कलम माझ्या मनातून जात नाही. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी छातीवर हात ठेवून सांगू शकतील की त्या जागी आपण असतो तर रक्त दिले नसते? मी लगेच ‘नाही’ म्हणू शकले नाही. रक्त देणे ही फार मोठी गोष्ट वाटते. पण आपण लहान लहान नमुने रोजच बदलतो. शाळेत चिठ्ठी पाठवतो, ‘पोटात दुखत होते म्हणून आला नाही’, आणि खरे कारण लग्नाला गेलेलो. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फुटली तर, “आमचा तिथे नव्हताच.” चाचणीत कॉपी करताना धरला तर संस्थाचालकाला ओळखीने फोन. दुसऱ्याच्या पोराला फटके आणि आपल्या पोराला चिठ्ठी, अशी आपली शिस्त आहे. सगळ्यांच्या पोरांबद्दल एक वही आणि स्वतःच्या पोराबद्दल दुसरी. अशा दोन वह्या ठेवणाऱ्या दुकानदाराला काय म्हणतात, हे आपल्या व्यापारी समाजातल्या बायकांना मी सांगायला नको.

आपल्या दाराशी उभ्या असलेल्या स्कूटीचेच घ्या. नववी-दहावीचे लेकरू, लायसन्स नाही, हेल्मेट नाही, क्लासला उशीर होतो म्हणून आपणच किल्ली हातात देतो. कधी पुढे एक, मागे दोन. तेच पोर जोरात कट मारून गेले की शेजारीण म्हणते, “काय ही पोरं!” मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कायद्याने हा खर्च बरोबर खात्यावर टाकला आहे. किल्ली ज्याने दिली त्याच्या नावे.

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे तर आपल्या वयाचे आवडते वाक्य. दशलक्षणाच्या मागेपुढे १७ सप्टेंबर येतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपण झेंड्यासमोर उभ्या राहतो. कोणाला वंदन करतो आपण? १९३८ साली निजामाच्या राज्यात वसतिगृहांमध्ये वंदे मातरम् म्हणायचे नाही असा हुकूम निघाला, तेव्हा औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली पोरे तो मोडून उभी राहिली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठातून काढून टाकली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला, म्हणून त्यातल्या पुष्कळांचे शिक्षण झाले. त्या वेळच्या मोठ्या माणसांनी घरोघरी काय म्हटले असेल? “पोरं हाताबाहेर गेली. दोन ठेवून दिल्या असत्या तर…” तलवारीने केक कापणारा आणि वंदे मातरम् म्हणणारा एक नव्हे, एवढे मलाही कळते. मला एवढेच म्हणायचे आहे की, नुसते ‘ऐकत नाही’ यावरून लेकरू वाईट ठरत नाही. काय ऐकत नाही आणि का, हे विचारावे लागते. विचारायला वेळ लागतो, मारायला लागत नाही. म्हणून आपण मारतो.

आता कोणी साने गुरुजींच्या श्यामच्या आईचे नाव काढील. तिनेही श्यामला पोहायला जात नाही म्हणून मारले होते. खरे आहे. पण बेचाळीस रात्रींच्या त्या पुस्तकात मार किती आणि जवळ घेऊन सांगणे किती, हे एकदा मोजा. आपण त्या माउलीचा मार तेवढा उचलला आणि बाकीचे तिच्याकडेच ठेवले.

आता माझ्या खात्यातली नोंद सांगते. नाहीतर हा सगळा लेख म्हणजे दुसऱ्यांना उपदेश होईल.

माझा मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. आमच्याकडे रात्रिभोजनाचा त्याग, सूर्यास्ताआधी जेवणे आटपलेली असतात. तो खेळायला गेला की वेळेवर यायचा नाही. तीन-चार वेळा सांगितले. एक दिवस दिवेलागणीला आला, घामाघूम, तोंड सुकलेले. “आई, भूक लागली.” मी ताट झाकलेले होते. म्हणाले, “सूर्य मावळला. आता उद्या सकाळी. आपला धर्म आहे.” त्याने एकदा ताटाकडे बघितले, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता जाऊन झोपला. मला तेव्हा वाटले, किती छान शिस्त लावली. हातही उचलला नाही आणि धर्मही पाळला.

त्या दिवशी ओट्यावरून घरी येऊन अतिचार वाचत होते आणि पाचव्या शब्दावर बोट थांबले. अन्नपाननिरोध. व्रत मी घेतले होते. त्याने घेतले नव्हते. त्याला एक पेला दूध दिले असते तर माझ्या व्रताला काही झाले नसते. मी धर्माचे नाव घेऊन माझा राग वाढला, आणि त्या रात्री उपाशी पोटी झोपलेल्या लेकराला धर्म म्हणजे काय वाटले असेल याचा कधी विचारही केला नाही. आज तो रात्री जेवतो. त्या एका रात्रीमुळेच असे मी म्हणणार नाही, पण त्या रात्रीने धर्म त्याच्या जवळ आणला नाही, हे नक्की.

क्षमावाणीच्या दिवशी त्याला पुण्याला फोन केला. दरवर्षी आपण ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, सगळ्यांना एकच वाक्य. या वेळी मी नाव घेऊन, प्रसंग सांगून क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, तुला आठवतंय ते? मला वाटायचं तू विसरलीस.” तो विसरला नव्हता, मैत्रिणींनो. तीस वर्षे होत आली. लेकरे विसरत नाहीत. ती फक्त बोलत नाहीत.

मग शिस्त लावायचीच नाही का? लावायची, आणि आतापेक्षा कडक लावायची. फक्त सुरुवात कुठून करायची ते आपल्या धर्माने आधीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडे चुकलेल्याला चाबूक नाही. आपल्याकडे आलोचना आहे, प्रतिक्रमण आहे, प्रायश्चित्त आहे. चुकलेला स्वतः गुरूंसमोर जाऊन चूक सांगतो. न लपवता सांगता यावे इतका तो गुरूंवर विश्वास ठेवतो. गुरू त्याची शक्ती पाहून प्रायश्चित्त देतात. ते करून तो पुन्हा संघातला, बाहेरचा नव्हे. याहून कडक शिस्त जगात कुठे असेल? इथे तर बघणारे कोणी नसतानाही चूक सांगायची असते. छडीला नेमके हेच जमत नाही.

घरात हे कसे आणायचे? मी माझ्यापुरते, आता नातवंडांसाठी, चार गोष्टी ठरवल्या आहेत. लेकराने चूक सांगितली तर सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. चूक केली त्याची भरपाई त्यानेच करायची: सांडले तर पुसायचे, तोडले तर खाऊच्या पैशातून भरायचे, कोणाला बोलला तर त्याच्या दारात जाऊन क्षमा मागायची, आणि मी बरोबर जाणार, त्याच्या वतीने बोलायला नव्हे, फक्त उभे राहायला. ताट कधीच झाकायचे नाही. आणि जो नियम मी पाळत नाही तो त्याला लावायचा नाही. हा शेवटचा सगळ्यात अवघड आहे. मोबाईल बाजूला ठेव म्हणताना माझ्या हातात तो असतो, हे मला नातीने दाखवून दिले. आता जेवताना दोघींचेही फोन देव्हाऱ्याच्या खोलीत असतात.

ज्यांनी खरोखर गुन्हा केला आहे त्यांना कायद्याने शिक्षा व्हावी, लवकर व्हावी, बापाचे नाव आणि पैसा न बघता व्हावी, असेच माझेही मत आहे. कल्याणीनगरच्या त्या दोन लेकरांच्या आईबापांना न्याय मिळालाच पाहिजे. पण न्याय मागणे आणि कोणाला तरी फोडून काढताना बघायची हौस असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मेलेल्यांची आठवण असते. दुसऱ्यात फक्त आपला राग असतो, आणि त्याला आपण शिस्त हे नाव दिलेले असते.

पुढच्या दशलक्षणात सातव्या दिवशी पुन्हा तो अध्याय वाचला जाईल. नंतर ओट्यावर पेपरही उघडेल, बातमीही अशीच असेल, आणि कोणीतरी म्हणेल, “दोन ठेवून द्यायला पाहिजेत.” माझी विनंती एवढीच की त्या वेळी आपल्यापैकी एकीने तरी मान हलवू नये. वाद घालू नका, उपदेश करू नका. नुसते विचारा, “काकू, आत्ता आपण आत काय वाचले?” मी तर विचारणार आहे.

आणि क्षमावाणीला शेजारी, नातेवाईक, व्याही यांना क्षमा मागून झाली की घरातल्या लहान्यांकडे जा. एक प्रसंग आठवा, नाव घेऊन क्षमा मागा. शब्द सापडले नाहीत तर जवळ बसून पोटभर जेवू घाला. त्यांना कळते.

या लेखात कोणाचे मन दुखावले असेल तर मनापासून उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.